चांगला माल, पण नाव दुसऱ्याचं? फ्रान्सच्या ‘मुतों रॉथशिल्ड’कडून शिकूया



या आठवड्याच्या व्हिडिओचा हा लेखी धडा. व्हिडिओत आकडे भराभर जातात, म्हणून इथे सावकाश मांडलेत. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे आणि तो खरंच करायचा आहे.

तुमच्याकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा असतो: “ताई, माल माझा एक नंबर आहे. पण व्यापारी माझ्याकडून सुटा घेतो, स्वतःच्या पाकिटात भरतो आणि दुप्पट भावाने विकतो. मी स्वतःचा ब्रँड काढू का?” मसाला, लोणचं, काकवी, काजू, मध, हातमागाचं कापड, धंदा कुठलाही असो, प्रश्न हाच.

यावर “हो, काढा” असं एका शब्दात उत्तर देणारे खूप भेटतील. मी तसं देणार नाही. त्याऐवजी आज एक केस स्टडी घेऊ. ती आहे फ्रान्समधल्या एका रेड वाइनची, शातो मुतों रॉथशिल्डची. आज जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या वाइन्समध्ये तिची गणना होते. पण शंभर वर्षांपूर्वी तिच्या मालकापुढे अगदी तुमचाच प्रश्न होता.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हा धडा वाइन पिण्याबद्दल नाही. तुम्ही घेत असाल-नसाल, त्याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. आपण धंदा बघतोय.

१. आधी माल समजून घ्या

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात बोर्डो नावाचं शहर आहे. तिथून उत्तरेला साधारण ५० किलोमीटरवर, जिरोंद नदीच्या खाडीच्या डाव्या काठाला पोयाक नावाचं गाव लागतं. मुतोंचा द्राक्षमळा तिथे आहे. ‘शातो’ म्हणजे वाडा, गढी. पण बोर्डोकडे द्राक्षमळा, वाइन करायची जागा आणि त्यांचं नाव या सगळ्याला मिळून शातो म्हणतात. ‘मुतों’ या शब्दाचा फ्रेंचमध्ये अर्थ मेंढी, म्हणून त्यांच्या चिन्हात मेंढा दिसतो.

इथली जमीन कशी आहे? आपल्याकडचा शेतकरी बघून नाक मुरडेल अशी. वरपासून खोलवर नुसते गोटे आणि खडी. गहू लावायला बसलात तर हाती काही लागायचं नाही. पण द्राक्षवेलीसाठी हीच जमीन सोन्याची. पाऊस पडला की पाणी थांबत नाही, झिरपून जातं. दिवसभर तापलेले दगड रात्री ऊब देत राहतात. पाण्यासाठी मुळं खोल जातात. वेल फार माजत नाही, घड कमी येतात, मणी बारीक राहतात आणि रस दाट होतो.

या मळ्यात मुख्य जात आहे काबेर्ने सोविन्यों, साधारण ८० टक्के. जाड सालीची आणि उशिरा पिकणारी द्राक्षं. सोबत मेर्लो आणि थोड्या इतर जाती. तोडणी हाताने होते. वाइन तयार झाली की ती ओकच्या लाकडाच्या पिंपांत दीड ते दोन वर्षं मुरते. एक पिंप २२५ लिटरचं असतं. ७५० मिलीची बाटली धरली तर एका पिंपातून ३०० बाटल्या निघतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथला मुद्दा सोपा आहे. मुतोंच्या गोष्टीत लेबल आहे, कलाकार आहेत, मोठी नावं आहेत. पण या सगळ्याच्या खाली माल खरा होता. माल कच्चा असताना ब्रँडिंगवर पैसा लावणं म्हणजे गळक्या माठाला रंग देणं.

२. बाजाराने मारलेला शिक्का

१८५३ मध्ये रॉथशिल्ड या बँकर घराण्याच्या इंग्लंडमधल्या शाखेतल्या नॅथॅनिएल रॉथशिल्डने हा मळा विकत घेतला. दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी बोर्डोच्या वाइन्सची प्रतवारी करायचं ठरलं. ती केली तिथल्या दलालांनी. त्यांनी वर्षानुवर्षं कोणत्या शातोला काय भाव मिळतो ते बघितलं आणि लाल वाइन्सचे पाच वर्ग पाडले.

पहिल्या वर्गात चार नावं आली: लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. (हो, लातूर! आपलं नाही, फ्रान्सचं. उच्चार मात्र तोच.) मुतों दुसऱ्या वर्गात गेलं. दुसऱ्या वर्गात सगळ्यात वर, पण दुसऱ्याच वर्गात. ते पहिल्या वर्गात का आलं नाही, यावर पुढे शंभर वर्षं वाद चालला.

गंमत म्हणजे, १८६८ मध्ये रॉथशिल्ड घराण्याच्या फ्रान्समधल्या शाखेने शेजारचं लाफित घेतलं. म्हणजे बांधाला बांध लागून भाऊबंदांचा मळा, तो पहिल्या वर्गात आणि हे दुसऱ्यात. भाऊबंदकी काय असते ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

अशा परिस्थितीत १९२२ साली नॅथॅनिएलचा पणतू फिलिप दि रॉथशिल्ड याने मुतोंचा कारभार हातात घेतला. वय २० वर्षं. घरातला धाकटा मुलगा.

३. “बाटली माझ्याच अंगणात भरणार”

फिलिपने आल्यावर काय बघितलं, ते तुमच्या ओळखीचं आहे.

त्या काळी शातोवाले द्राक्षं पिकवायचे, वाइन करायचे आणि ती पिंपांसकट बोर्डो शहरातल्या व्यापाऱ्यांना द्यायचे. पुढे वाइन मुरवायची व्यापाऱ्याने, बाटलीत भरायची व्यापाऱ्याने, विकायची व्यापाऱ्याने. पिंप एकदा फाटकाबाहेर गेलं की त्यात दुसरी वाइन मिसळली का, किती दिवस मुरवली, बाटल्या नीट धुतल्या का, यातलं काहीच शातोच्या हातात नसायचं. बाटलीवर नाव मात्र शातोचं. ग्राहकाला खराब बाटली लागली तर शिव्या मुतोंला.

१९२४ ला फिलिपने ठरवलं की सगळी वाइन शातोमध्येच बाटलीबंद होईल, तिथूनच सीलबंद होऊन बाहेर पडेल. आज हे साधं वाटतं. त्या काळी व्यापाऱ्यांच्या सत्तेलाच ते आव्हान होतं. बोर्डोतल्या इतर मोठ्या शातोंनाही त्याने या बाजूला वळवलं. हे महत्त्वाचं आहे. एकट्याने बाजाराची रीत मोडली तर व्यापारी तुम्हाला टाळून शेजाऱ्याकडे जातो. चार-पाच मोठे एकत्र आले की व्यापाऱ्याला ऐकावं लागतं.

आणि लक्षात घ्या, त्याने व्यापारी बाजूला काढले नाहीत. बोर्डोची मोठी शातो आजही दलाल आणि व्यापाऱ्यांमार्फतच वाइन विकतात. फिलिपने विक्रीची साखळी तशीच ठेवली. त्याने आपल्या हातात घेतली फक्त एक गोष्ट: माल शेवटच्या ग्राहकाच्या हातात कोणत्या स्थितीत पोचतो ती.

पण याची किंमत होती. आधी नवी वाइन पिंपात भरून व्यापाऱ्याकडे जायची आणि पैसा सुटायचा. आता दीड-दोन वर्षं ती शातोच्याच छपराखाली राहणार. एका वर्षाची मुरतेय तोवर पुढच्या वर्षाची आली. जागा कुठून आणायची? म्हणून १९२६ मध्ये शार्ल सिक्लिस या आर्किटेक्टकडून १०० मीटर लांबीचं पिंपांचं दालन बांधून घेतलं. म्हणजे बांधकामात पैसा अडकला आणि शिवाय दोन वर्षांच्या मालात अडकला.

तेव्हा “स्वतःचा ब्रँड काढू का?” या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो: माझा पैसा किती दिवस अडकेल आणि तेवढे दिवस घर कसं चालेल? हा दुसरा प्रश्न न विचारता पहिल्याचं उत्तर देऊ नका.

४. आता तुमचा हिशेब

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे मी हिशेबाला सोपे जातील असे धरलेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा तुम्ही १०० किलो गोडा मसाला करता. कच्चा माल, दळण, मजुरी, गॅस-वीज धरून खर्च किलोला ४०० रुपये, म्हणजे एकूण ४०,००० रुपये.

*पर्याय अ – सगळा सुटा व्यापाऱ्याला.* भाव किलोला ४८० रुपये. हातात आले ४८,०००. नफा ८,००० रुपये. पैसे आठवड्यात मोकळे.

*पर्याय ब – स्वतःच्या नावाचं पाकीट, सगळं दुकानदारांना.* २०० ग्रॅमची ५०० पाकिटं होतील. पाकीट, लेबल आणि सीलिंग मिळून नगाला १२ रुपये, म्हणजे ६,०००. वाहतूक २,०००. एकूण खर्च ४८,००० रुपये. नमुने, फाटलेली, परत आलेली अशी २५ पाकिटं सोडून द्या. उरली ४७५. दुकानदाराला भाव १२० रुपये. आले ५७,०००. नफा ९,००० रुपये. आणि उधारी धरून पैसे मोकळे व्हायला दीड महिना.

बघितलंत? एवढी मेहनत, ५०० पाकिटं भरली, लेबलं चिकटवली, दुकानं फिरलात आणि नफा वाढला फक्त एक हजाराने. वर पैसा दीड महिना अडकला. इथेच पुष्कळ जण दोन-तीन लॉटनंतर ब्रँड गुंडाळतात आणि म्हणतात, “ब्रँडबिंड आपल्यासाठी नाही.”

*पर्याय क – पाकीट तेच, पण थोडे ग्राहक थेट तुमचे.* ४७५ पैकी ३०० पाकिटं दुकानदाराला १२० ने, म्हणजे ३६,०००. उरलेली १७५ थेट ग्राहकाला १६० ने, म्हणजे २८,०००. एकूण ६४,०००. खर्च तोच ४८,०००. नफा १६,००० रुपये.

पर्याय ब आणि क मध्ये पाकीट एकच आहे, मसाला एकच आहे. फरक कुठे पडला? १७५ पाकिटं घेणाऱ्या माणसांना तुमचं नाव माहीत आहे आणि ते नाव घेऊन मागतात. नुसत्या पाकिटाने पैसा येत नाही. पाकिटावरचं नाव मागणारा माणूस पैसा आणतो. मी माझ्या दुकानात रोज बघते, “ताई, तो परवाचा मसाला द्या” म्हणणारं गिऱ्हाईक वेगळं आणि “अमक्यांचा मसाला आला का?” विचारणारं वेगळं. दुसऱ्या प्रकारचं गिऱ्हाईक भावासाठी घासाघीस करत नाही.

म्हणून पहिल्याच फटक्यात १०० किलोची उडी नको. ८० किलो व्यापाऱ्याला द्या, घर चालू ठेवा. २० किलो स्वतःच्या नावाने काढा. अन्नपदार्थ असेल तर एफएसएसएआय नोंदणी त्याआधी.

५. १९३०: वर्ष खराब गेलं तर?

स्वतःच्या नावाने विकायला लागलात की नवी जबाबदारी येते. सुटा माल कमी-जास्त झाला तर व्यापारी भाव पाडतो, पण नाव तुमचं खराब होत नाही, कारण नाव कुणाला माहीतच नसतं. आता मात्र प्रत्येक लॉट तुमच्या नावावर.

१९३० च्या दशकाची सुरुवात बोर्डोला वाईट गेली. १९३० ची द्राक्षं हलकी, पुढची दोन वर्षंही रडकथाच. त्यात जगभर मंदी. फिलिपपुढे तीन वाटा होत्या. हलकी वाइन मुतों म्हणून विकायची आणि नाव घालवायचं. पडेल भावात व्यापाऱ्याच्या गळ्यात मारायची. किंवा तिसरी.

त्याने तिसरी निवडली. ही वाइन ‘मुतों काडे’ या वेगळ्या नावाने, कमी भावात बाजारात आणली. ‘काडे’ म्हणजे धाकटा. तो स्वतः घरातला धाकटा, म्हणून हे नाव. ग्राहकाला सरळ कळलं की ही थोरली मुतों नाही, धाकटी आहे, रोजच्या जेवणासोबतची आहे. ती इतकी चालली की पुढे मुतोंच्या मळ्यातला माल पुरेना आणि बोर्डो भागातल्या इतर शेतकऱ्यांकडून घेऊन ती करावी लागली. आज ती जगभर विकली जाणाऱ्या बोर्डो वाइन्सपैकी एक मोठं नाव आहे.

यात दोन गोष्टी बघा.

पहिली: दुय्यम मालाला वेगळं नाव आणि वेगळा भाव द्या, पण तो दुय्यम आहे हे लपवू नका. काजूवाल्यांनो, अख्खा काजू आणि तुकडा एकाच पाकिटात एकाच नावाने भरू नका. तुकड्याचं वेगळं पाकीट काढा, त्यावर “मिठाईसाठी” लिहा. मिठाईवाल्याला तेच हवं असतं.

दुसरी, जरा सावधगिरीची: धाकट्याच्या नावात थोरल्याचं नाव असलं की गोंधळ होतो. आजही ‘मुतों’ एवढा शब्द वाचून दोन्ही एकच समजणारे लोक आहेत. एका बाटलीचा भाव काहीशे युरो आणि दुसरीचा त्याच्या अगदी थोडा अंश. एवढा फरक असूनही मोठं नाव टिकलं, कारण त्यांनी थोरल्या मुतोंच्या दर्जाला हात लावला नाही. तुमच्याकडे तेवढा दम नसेल तर दुसऱ्या मालाला संपूर्ण वेगळं नाव दिलेलं बरं.

६. १९४५: लेबलवर चित्र

मध्ये दुसरं महायुद्ध आलं. फिलिप ज्यू. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये त्याची मालमत्ता जप्त झाली. त्याला अटक झाली, पुढे तो निसटून जनरल द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रेंच सैन्यात गेला. त्याची पत्नी एलिझाबेथ हिला गेस्टापोने पकडलं आणि १९४५ मध्ये रावेन्सब्रुकच्या छळछावणीत तिचा मृत्यू झाला. धंद्याच्या धड्यात हे दोन ओळींत उरकतंय, पण परत येऊन त्याने कुठून सुरुवात केली ते कळायला हवं.

१९४५ च्या मे महिन्यात कडक थंडी पडून कोवळे घड जळाले, म्हणून पीक कमी आलं. पण पुढचा उन्हाळा कडक, कोरडा गेला आणि जे उरलं ते अप्रतिम झालं. त्या वर्षाच्या लेबलसाठी फिलिपने फिलिप जुलियाँ या तरुण चित्रकाराकडून चित्र करून घेतलं. विजयाचं चिन्ह म्हणून त्यात इंग्रजी ‘व्ही’ अक्षर. तेव्हापासून जवळपास दरवर्षी मुतोंच्या लेबलवर नव्या कलाकाराचं चित्र येतं. १९५८ ला साल्वादोर दाली, १९६९ ला जोआन मिरो, १९७० ला मार्क शागाल, १९७५ ला अँडी वॉरहॉल. आणि २००९ च्या लेबलवर अनिश कपूर, ज्यांचा जन्म आपल्या मुंबईतला.

मोबदला काय? रोख रक्कम नाही, वाइनच्या पेट्या.

यातली धंद्याची अक्कल बघा. वाइनमध्ये प्रत्येक वर्षाचा माल वेगळा असतो. काही वर्षं चांगली, काही सुमार. पण लेबल दरवर्षी नवं म्हटल्यावर लेबल जमवणारे तयार झाले. ज्याला सलग सगळी वर्षं हवीत, त्याला सुमार वर्षाची बाटलीही घ्यावीच लागते. म्हणजे कमी मागणीच्या वर्षालाही थोडा आधार मिळाला.

आणि १९४५ च्या त्या वाइनचं काय झालं? २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिची एक मोठी साडेचार लिटरची बाटली ३ लाख १० हजार डॉलरच्या वर गेली.

एक बारकावा. फिलिपने चित्रकाराचं लेबल पहिल्यांदा १९४५ ला केलं नव्हतं. १९२४ ला, शातोतच बाटली भरायची सुरुवात केली तेव्हाही जाँ कार्ल्यू या पोस्टर-कलाकाराकडून एकदम नव्या धाटणीचं लेबल करून घेतलं होतं. ते त्या वेळच्या गिऱ्हाइकांना फारसं रुचलं नाही आणि मागे पडलं. कल्पना बरोबर होती, वेळ आली नव्हती. तीच कल्पना वीस वर्षांनी उभी राहिली, तेव्हा तिच्या मागे सांगण्यासारखं कारण होतं: युद्ध संपलंय, आपण वाचलोय.

तुम्हाला मोठा चित्रकार परवडणार नाही. नकोच. गावातल्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना विचारा. वारली काढणारी ताई तुमच्या तालुक्यात असेल, तिला तिचं नाव पाकिटावर छापून मान द्या आणि ठरलेला मोबदला द्या. इंटरनेटवरून उचललेलं नक्षीकाम आणि अंगणातल्या माणसाने काढलेलं चित्र यातला फरक ग्राहकाला कळतो.

७. १९७३: वर्ग बदलला

१८५५ च्या यादीचं शल्य फिलिपच्या मनात कायम होतं. त्याने अनेक वर्षं सरकारदरबारी आणि बोर्डोच्या मंडळींमध्ये पाठपुरावा केला. त्या काळात मुतोंचं ब्रीदवाक्य साधारण असं होतं की पहिला होता येत नाही, दुसरा व्हायला मन राजी नाही, मी मुतों आहे.

शेवटी १९७३ मध्ये मुतों पहिल्या वर्गात गेलं. आदेशावर सही होती तेव्हाचे कृषिमंत्री जाक शिराक यांची, जे पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले. १८५५ नंतर त्या यादीत वरच्या वर्गात बढती मिळालेलं हे एकमेव शातो. २० व्या वर्षी कारभार हाती घेतलेल्या माणसाचं वय तेव्हा ७१ होतं. ब्रीदवाक्यही बदललं: आता पहिला आहे, पूर्वी दुसरा होतो, मुतों मात्र बदलत नाही. त्या वर्षाच्या लेबलवर पिकासोचं चित्र आलं. पिकासो त्याच वर्षी गेला होता.

आता मजा बघा. १९७३ चं पीक काही खास नव्हतं. म्हणजे सर्वोच्च दर्जाचा कागद मिळाला त्या वर्षाची वाइन सुमार, आणि दुसऱ्या वर्गात असताना केलेली १९४५ ची वाइन जगातल्या श्रेष्ठ वाइन्समध्ये. पुरस्कार, सर्टिफिकेट, जीआय टॅग हे सगळं मिळवा, जरूर मिळवा, दुकानात फ्रेम करून लावा. पण त्याने या वर्षीचा मसाला चांगला होत नाही. तो रोज वेगळा करावा लागतो.

८. हरल्यावर काय केलं?

तीनच वर्षांनी, २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्लिश वाइन-विक्रेत्याने एक चाचणी ठेवली. नावं झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन्स फ्रेंच परीक्षकांना चाखायला दिल्या. लाल वाइन्समध्ये पहिला नंबर आला कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपचा. मुतों १९७० दुसरी. पन्नास वर्षं “दुसरा व्हायला मन राजी नाही” म्हणणाऱ्याला पॅरिसमध्येच दुसरा नंबर.

फिलिपची कॅलिफोर्नियाच्या रॉबर्ट मोंडावीशी भागीदारीची बोलणी आधीपासूनच अधूनमधून चालू होती. ती मोडली नाहीत. दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत ‘ओपस वन’ ही वाइन काढली, तिचं पहिलं वर्ष १९७९. फिलिप १९८८ ला गेला. नंतर मुलगी फिलिपीनने कारभार सांभाळला. ती २०१४ ला गेली, आता तिची मुलं बघतात.

शेजारी तुमच्यासारखंच दुकान टाकतो तेव्हा त्याच्या मालाची निंदा करणं सोपं असतं. त्याच्याबरोबर मिळून मोठी ऑर्डर घेता येईल का, कच्चा माल एकत्र घेऊन भाव पाडता येईल का, हे विचारायला जास्त हिंमत लागते.

९. पैसे आधी, माल नंतर

पैसा अडकण्याचा प्रश्न बोर्डोवाल्यांनी कसा सोडवला? तिथे पद्धत अशी: यंदा तोडणी झाली की पुढच्या वसंतात, वाइन अजून पिंपातच असताना, व्यापारी आणि परीक्षक येऊन चव बघतात. भाव जाहीर होतो आणि विक्री सुरू होते. घेणारा पैसे तेव्हाच देतो, बाटल्या मिळतात साधारण दोन वर्षांनी.

शातोला पैसा लवकर मिळतो. घेणाऱ्याला आशा असते की पुढे भाव वाढेल. कधी वाढतो, कधी पडतोही, तो धोका त्याचा. हे चालतं कशामुळे? शब्द पाळला जातो यावरच्या विश्वासामुळे.

तुमचा एकदम नवा ब्रँड असेल तर अनोळखी माणूस आगाऊ पैसे देणार नाही. पण नेहमीची वीस घरं आहेत ना? उन्हाळ्याच्या लोणच्याची, दिवाळीच्या फराळाची नोंदणी महिनाभर आधी निम्मे पैसे घेऊन करा. पावती द्या, तारीख लिहून द्या आणि त्या तारखेला माल पोचवा. एकदा तारीख चुकली तर पुढच्या वर्षी आगाऊ विसरा.

१०. काय कॉपी करू नका

प्रेरणादायी गोष्टींतून एक भाग नेहमी गाळला जातो, तो मी सांगते. फिलिपच्या मागे युरोपातलं बँकर घराणं होतं. मळा त्याच्या जन्माआधी जवळपास ५० वर्षं घरात होता. १०० मीटरचं दालन बांधायला त्याला पतपेढीच्या दारात उभं राहावं लागलं नाही. तुमचं आडनाव रॉथशिल्ड नाही, माझंही नाही.

म्हणून दोन याद्या करा.

पैसा लागणाऱ्या गोष्टी: मोठी जागा, दोन वर्षांचा साठा, म्युझियम (हो, त्यांनी १९६२ ला वाइनशी संबंधित कलावस्तूंचं म्युझियमही उघडलं).

पैसा जवळपास न लागणाऱ्या गोष्टी: खराब लॉट आपल्या मुख्य नावाने न विकणं. दुय्यम मालाला वेगळं नाव देणं. शेवटचं पॅकिंग स्वतःच्या डोळ्यांसमोर करणं. चार जणांना सोबत घेऊन व्यापाऱ्याशी बोलणं. एक कल्पना चालली नाही म्हणून ती कायमची न टाकणं.

दुसरी यादी आजपासून करता येते. पहिलीसाठी कर्ज काढू नका.

गृहपाठ

१. वहीत तीन रकाने आखा: सुटी विक्री, दुकानदारामार्फत स्वतःचं पाकीट, थेट ग्राहक. मुद्दा ४ सारखा तुमच्या मालाचा हिशेब मांडा. नफ्याखाली ‘पैसे मोकळे होण्याचे दिवस’ ही ओळ हवीच.

२. तुमचा माल तुमच्या हातून सुटल्यापासून ग्राहकाच्या हातात जाईपर्यंत किती जण त्याला हात लावतात ते लिहा. यातली कोणती एक पायरी तुमच्या ताब्यात आली तर दर्जा राखता येईल, त्यावर गोल करा. एकच पायरी.

३. खराब लॉट ओळखायची तुमची कसोटी दोन ओळींत लिहा. रंग, वास, ओलावा, जे असेल ते. ‘बघितल्यावर कळतं’ असं लिहू नका, कारण उद्या कामाला बाई ठेवलीत तर तिला कसं कळणार?

४. तुमचं नाव घेऊन माल मागणाऱ्या माणसांची नावं लिहा. दहाच्या आत असतील तर लेबल छापायची घाई नको, आधी ही यादी वाढवा. वीसच्या वर असतील तर २० किलोचा पहिला लॉट काढा. मधे असाल तर दहा किलोने सुरुवात करा.

पहिल्या प्रश्नाचा हिशेब व्हिडिओखाली कमेंटमध्ये टाका. मालाचं नाव आणि तीन आकडे पुरे, पत्ता-फोन टाकू नका. पुढच्या भागात त्यातले पाच हिशेब निवडून सगळ्यांसमोर सोडवूया.